टोचणारा सदरा

तेर,
९ फेब्रुवारी २०२५

वनमाला आत्या,

सुती कापड जितकं धुवावं तितकं मऊ होतं, असं आपण सगळेच मानतो. मग मी धुतलेला सदरा दर धुण्याला आणखी कडक का होतोय? खरं सांगते, मला उत्तर येत नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही अख्ख्या अणदुरात पेढे वाटलेत. आता गावातल्या बोअरच्या पाण्याची तपासणी करून पंचायतीला तक्ते देते. आणि एका सदऱ्यापुढं माझं डोकं चालत नाही.

पत्र बघून दचकू नका. फोनच केला असता. पण इकडं फोन वाजला की आबा म्हणतात, "वनीचा असंल, आवाज मोठा कर," आणि शेजारी येऊन बसतात. तिकडं तुमचा फोन लेकीचं लग्न ठरल्यापासून जाईच्याच कानाला असतो. म्हणून पत्र.

मी काय केलं ते क्रमानं सांगते. आधी एक चमचा पावडर घालत होते. सदरा कडक झाला, म्हणून दोन घातले. मग तीन. तासभर भिजवला, दगडावर चांगला आपटला, घट्ट पिळला आणि पत्र्यावर कडक उन्हात टाकला. संध्याकाळी काढला तर बाह्या आडव्या धरूनच घरात आला. सदरा उभा राहिला असता, आत्या, मी भिंतीला टेकवला असता तर.

सदरा कुणाचा ते विचारू नका. मी शब्द दिला आहे. एवढंच सांगते की तो मऊ होणं फार गरजेचं आहे.

तुमची,
अक्षदा


अणदूर,
१५ फेब्रुवारी

अक्षे,

कोण हाय गं तो?

तुझं पत्र आलं तवा मी शेवया वाळत घालत होते. हात पुसून वाचलं, आणि "शब्द दिला आहे" इथं आले तशी शेवया तशाच ठेवल्या. मग पुन्हा पहिल्यापासनं वाचलं. दोन वर्षांखाली दिवाळीला मी तुला म्हणलं होतं, एवढं धुणं पिळून दे. तर कमरेवर हात ठेवून मला विचारलंस, "आत्या, पिळायला पोरींनीच का बोलवायचं?" माझ्या उत्कर्षला पण सोबत पिळायला बसवलंस. आणि आता एका सदऱ्यापायी आत्याला पत्र! बरं हाय. नाव न्हाय सांगितलंस तरी काय करतो ते तरी सांग. नोकरीत असंल, सदरा म्हणजे जुन्या वळणाचा दिसतोय.

आता तुझ्या सवालाचं. पावडर काय पीठ हाय का, जास्त घातली की भाकरी मोठी व्हायला? ती कापडात बसून राहती, तीच वाळून कडक होती. अर्धा चमचा घाल. धुतल्यावर तीन पाण्यातनं काढ, आणि तिसरं पाणी पिण्याजोगं स्वच्छ दिसंस्तोवर काढतच राहा. शेवटच्या पाण्यात अर्धं लिंबू पिळ. उन्हात टाकू नको, पत्र्यावर तर न्हायच न्हाय. सावलीत वाऱ्याला टाक. आणि पुरता वाळायच्या आधी, हाताला जरा गार लागतो तवाच काढ. मग दोन्ही हातानं जोरात झटक, मांडीवर घे आणि कणीक मळल्यागत मळ. एवढी सेवा केल्यावर तो माणूस हाताखाली न्हाय आला तर मला सांग.

एक काम तुला. आबा लग्नाला येणार ना? अक्षयतृतीया, ३० एप्रिल. परवा फोनवर म्हणाले, "बघू. तब्येतीचं काय सांगावं." जन्मभर मेंढरामागं फिरलेला माणूस, पावसात घोंगडी पांघरून उभा राहणारा. त्यांची तब्येत कवापासनं आडवी यायला लागली? जाई सात वर्षं त्यांच्यापाशी वाढली, हे तुला सांगायला नको. तिच्यावर पहिली अक्षता आबांची पडायची. त्यांना सांग, वनी वाट बघती.

आत्या


तेर,
२३ फेब्रुवारी

आत्या,

तुम्हाला वाटतं तसं काहीही नाही. गैरसमज राहू नये म्हणून स्पष्ट लिहिते. ते गृहस्थ माझ्याहून वयानं बरेच मोठे आहेत. त्यांची पत्नी वारलेली आहे. त्यांना एक लेक आहे, ती दिल्या घरी सुखात आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि त्यांना त्रास होऊ नये एवढाच माझा हेतू आहे. आता पुढं विचारू नका.

तुमच्या सांगण्यातलं लिंबू मला पटलं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके आहेत की साबणाशी मिळून त्यांची चिकट साय होते आणि ती धाग्यात अडकते. लिंबाच्या आंबटपणानं ती सुटते. हे मी परीक्षेत सहा गुणांना लिहिलं होतं, आत्या. धुताना आठवलं नाही.

पण तुमचं पत्र यायच्या आधी मी एक चूक करून बसले होते. धाराशिवहून कपडे मऊ करायची बाटली आणली, गुलाबी, फुलांच्या वासाची. दुप्पट मऊ व्हावं म्हणून झाकणभर जास्तच घातली, आणि सदऱ्याबरोबर त्यांचा पंचाही बुडवला. सदरा थोडा मऊ झाला. पण त्यांनी तो नाकाशी धरला आणि म्हणाले, "हे घालून बसलो तर लोक म्हणतील नवरदेव आला." आणि पंचा पाणीच टिपेना. त्यांनी अंग पुसलं, तर पाणी इकडचं तिकडं झालं, बस. म्हणाले, "पोरी, ह्यो पंचा मला पुसत न्हाय, नुसता गोंजारतोय." बाटली मी आता आईच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवली आहे.

अर्धा चमचा पावडर, तीन पाणी, लिंबू, सावली आणि झटकणं, असं दोनदा केलं. मऊपणा कसा मोजायचा ते कळेना. शेवटी मिटलेल्या पापणीवरून कापड फिरवून बघायची रीत मी काढली. माझ्या पापणीला सदरा मऊ लागतो. त्यांना मात्र नाही. घातला की पाच मिनिटांत काढतात आणि म्हणतात, "काटे पेरलेस का गं यात?"

आबांना तुमचा निरोप दिला. त्यांनी ऐकला आणि ते गोठ्याकडं गेले.

अक्षदा


अणदूर,
३ मार्च

अक्षदा,

बरेच मोठे म्हणजे किती? चाळीस? बायको वारली, लेक दिल्या घरी, म्हणजे पन्नाशीच्या अलीकडं तर न्हायच. आणि तो तुझ्या दारात उभा राहून सदरा घालतो, काढतो, तुला "गं" म्हणतो, पोरी म्हणतो, त्याचा पंचासुद्धा तू धुतीस! तुझी आई, उमावहिनी, काय डोळे मिटून बसली हाय का? तुझा बाप बजरंग मेंढरं घेऊन लांब गेलाय म्हणून घरात कुणी विचारायलाच न्हाय व्हय? आदर हाय म्हणती! आमच्या वेळी आदर लांबूनच असायचा. पंचा धुण्याइतका जवळ येत नव्हता.

मी आजच फोन करून हे आबांच्या कानावर घालणार होते. मग म्हणलं, आधी तुला एक संधी देते. आठ दिवसांत खरं कळव, न्हायतर मी आणि आबा मिळून त्या म्हाताऱ्याचा सदरा काय करायचा ते बघतो.

पण हात फोनवर गेला न्हाय, त्याचं कारण दुसरंच हाय. परवा मीच आबांना फोन केला. म्हणलं, गाडी पाठवू का दोन दिवस आधी? तर म्हणाले, "वने, म्या येत न्हाय लग्नाला. बजरंग येईल, सूनबाई येईल, अक्षदा येईल. मला धरू नको." कारण विचारलं तर फोन ठेवून दिला.

दोन दिवस झाले, मी घरात कुणाला सांगितलं न्हाय. जाई विचारती, आबा कधी येणार, मी म्हणते येतील. माझं काय चुकलं ते सांगशील का, पोरी? सोयरीक तुळजापूरच्या नोकरदार घरात केली, मेंढरं राखणाऱ्यांत न्हाय केली, म्हणून राग हाय का? ठरवताना त्यांना आधी विचारलं न्हाय, ते मला सलतंय. आबा रागावले असतील तर मी येऊन पाय धरते. पण बाप जिवंत असून लेकीच्या मांडवात न्हाय, असं झालं तर लोक मला विचारतील. आणि लोक राहू देत, मीच मला विचारंन.

आत्या


तेर,
८ मार्च

आत्या,

मी शब्द मोडते आहे. आबांना दिलेला.

तो म्हातारा म्हणजे आबाच आहेत. दिल्या घरी सुखात असलेली लेक म्हणजे तुम्ही.

डिसेंबरात आबांच्या डाव्या बरगडीवर, पाठीपासून छातीपर्यंत, पट्ट्यानं पुरळ उठली. नागीण. दादा मेंढरं घेऊन गेले होते. आबांनी आठ दिवस आम्हाला दाखवलीच नाही. स्वतःच गेरू उगाळून लावत बसले. तिची दोन टोकं मिळाली की माणूस जातो, असं कुणीतरी लहानपणी सांगितलेलं, म्हणून सकाळ-संध्याकाळ बोटांनी अंतर मोजत होते. आईला एकदा सदऱ्यावर लाल डाग दिसला तेव्हा कळलं. मी धाराशिवला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लवकर यायला हवं होतं. पुरळ गेली, पण त्या पट्ट्यातली नस दुखावली आहे. ती काही महिने दुखेल. कापडाचा नुसता स्पर्शसुद्धा सहन होणार नाही. गोळ्या चालू आहेत. जिवाला धोका नाही, हे मी त्यांना दोनदा विचारून घेतलं आहे, तेव्हा घाबरू नका.

म्हणून दोन महिने आबा घरात उघडे असतात. पारावर गेले नाहीत. कुणी आलं की आत जाऊन बसतात, कारण माणसांसमोर उघडं बसायचं नाही आणि सदरा अंगाला लावायचा नाही. मी म्हटलं, आत्याला सांगू या. तर म्हणाले, "लग्नघर हाय ते. नागिणीचं नाव तिथं काढायचं न्हाय. सांगितलंस तर म्या जेवणार न्हाय." मग मी शब्द दिला. आणि मनात ठरवलं, न सांगता सदराच इतका मऊ करायचा की प्रश्नच उरणार नाही.

तुमच्यावर राग नाही, आत्या. काल मी त्यांना सरळच विचारलं, लग्नाला का येत नाही? ते म्हणाले, "सोयऱ्यांच्या मांडवात उघडा बसू? का सदरा घालून तासभर तोंड वाकडं करून बसू? जाईला वाटंल आबाला नवरा पसंत न्हाय." नवरा त्यांना पसंत आहे. त्याचा फोटो देवळीत ठेवला आहे.

तुम्हाला मी खोटं लिहिलं नाही. पण खरं लिहिलं त्यानंच जास्त घोटाळा झाला, हे आता कळतंय.

अक्षदा


अणदूर,
१४ मार्च

अक्षे,

हसू का रडू, दोन्ही झालं. आधी रडले. मग "लेक दिल्या घरी सुखात आहे" पुन्हा वाचलं आणि जाईच्या बापानं विचारलं, बाई, काय झालं तुला? मी त्या म्हाताऱ्याचा सदरा फाडायला निघाले होते, माझ्याच बापाचा! तू एक पदवी घेतलीस, बाई, आता साधं बोलायची पण एक घे.

आबांना मी काही बोलले न्हाय. फोन केला, म्हणलं, लेकराला आशीर्वाद तर द्या, येणं न येणं तुमच्या मनावर. शेवटी म्हणाले, "ऊन लई हाय, पाणी पीत जा." एवढंच. त्यांना कळलं असंल का मला कळलंय ते?

आता कामाचं ऐक. माझी सासू शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होती. तिच्या अंगाला काय चालत होतं, काय न्हाय, ते मला पाठ हाय. एक, नवं काही घालायचं न्हाय. आबांचा सगळ्यात जुना सदरा काढ, ज्याची कॉलर विरलीय तो. दोन, तो उलटा घाल. शिवण आत असती, तीच घासती. शिवण बाहेर आली की अर्धं दुखणं कमी. तीन, सैल सदरा हालतो, हालला की घासतो. त्याच्या आत जुनी, अंगाला बसंल अशी बंडी घाल, तीही उलटी. चार, बोअरचं पाणी आधी उकळ, गार होऊ दे, तळाला पांढरं बसंल ते हलवू नको, वरचं वरचं घे. आमची आई असंच करायची लेकरांच्या दुपट्यांना. तिला तुझे क्षार-बिर ठाऊक नव्हते, नुसतं बसलेलं पांढरं ठाऊक होतं.

आणि आबांचा आहेर मी आत्ताच पाठवते, आपल्या बालाजी कंडक्टरकडं. धोतर, पांढरा सदरा, फेटा. सदरा आपल्या शिंप्याकडनं शिवलाय, आत बंडी मावावी म्हणून सैल ठेवायला सांगितला. माप बघून कळव. लग्नात तोच घालायचा, आणि घालून तासभर बसायचं, हे त्यांना नुसतं हळूच सांग. मी सांगितलं असं सांगू नको.

आत्या


तेर,
३० मार्च

आत्या,

पाडव्याची गुढी उभारली आणि लिहायला बसले.

उकळून निवळलेलं पाणी मी तपासलं. क्षार निम्म्याहून कमी झाले. आजीला कुणी पदवी दिली नाही, हे चुकलंच. जुना सदरा, आत जुनी बंडी, दोन्ही उलटे, आणि सात धुणी. सातव्या धुण्यानंतर आबांनी घातला. मी घड्याळ बघत होते. पाच मिनिटं, दहा, वीस. आबा म्हणाले, "तोंडाकडं काय बघतीस, कुस्ती लावलीय का?" तासाभरानं त्यांनी काठी घेतली आणि पारावर गेले. तीन महिन्यांनी! तिथं गोविंदमामांनी विचारलं, "गोरोबा, सदरा उलटा का?" तर आबा म्हणाले, "नात बी.एस्सी. हाय. तिच्या पुस्तकात असाच घालत्यात." आता गावात माझं काय नाव झालं असेल ते तुम्हीच समजा.

जेवताना मला म्हणाले, "वनीला कळवलंस ना सगळं?" मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. म्हणाले, "उलटी बंडी तुझ्या पुस्तकातली न्हाय. ती वनीच्या सासूची हाय." चिडले नाहीत. जेवलेही.

पण मुख्य अडचण पुढं आहे. तुमचा आहेर पोचला. आबांनी धोतराला हात फिरवला, फेटा डोक्यावर ठेवून बघितला, खुश झाले. मग नवा सदरा घातला. आत्या, दोन श्वास घेतले असतील. तिसऱ्याला काढून ठेवला. खळ आहे त्यात, कापड कोरं आहे, कडेला तर कागदासारखं. मी म्हटलं, आबा, दहा-बारा धुणी काढते, महिना आहे. ते म्हणाले, "हात लावू नको त्याला. पाण्यात बुडालं की ते वापराचं कापड झालं. आहेर कोराच असतो." मी म्हटलं, मग जुना मऊ सदरा घालून चला. म्हणाले, "लेकीचा आहेर अंगावर न्हाय, तर मांडवात कुठल्या तोंडानं बसू?"

म्हणजे कोरा घालवत नाही, धुतलेला चालत नाही, आणि जुना शोभत नाही. पुन्हा तिथंच आलो. मी धुऊ का? तुम्ही हो म्हणालात तर आबा ऐकतील.

अक्षदा


अणदूर,
८ एप्रिल

अक्षे,

चार दिवस विचार केला. नको धुऊस.

कारण ऐक, आणि माझ्यावर हसू नको. जाईच्या होणाऱ्या सासू सिताबाई. मनानं वाईट न्हायत, पण कापड बघितलं की त्यांचा हात आपोआप जातो. साखरपुड्याला जाईच्या साडीचा पदर दोन बोटांत धरून चोळला आणि म्हणाल्या, "कोरी हाय ना?" माझ्या जावेच्या लुगड्याला पण हात लावला. मांडवात आबांच्या सदऱ्याला त्या हात लावणार म्हणजे लावणारच. आणि तो धुतलेला निघाला तर म्हणतील, लेकीनं बापाला जुनं नेसवून बसवलं. एवढं लग्न काढलं, आणि बापाच्या सदऱ्यात कसूर! मला ते ऐकवणार न्हाय.

दुसरं असं, की आबांचं दुखणं मला बघवणार न्हाय. म्हणून मीच ठरवलंय. त्यांना सांग, वनीनं सांगितलंय, घरीच थांबा. मी समजून घेतलंय. जाईला मी सांगंन. तिकडून अक्षता एका पुडीत बांधून दे, मी आबांच्या नावानं टाकीन. काही माणसं लांबूनच आशीर्वाद देतात.

सदरा घडी करून पेटीत ठेव. पुढं कधीतरी घालतील.

शेवया करून ठेवल्यात, तू आलीस की नेशील.

आत्या


तेर,
२० एप्रिल

आत्या,

तुमचं पत्र ११ तारखेला, शुक्रवारी दुपारी आलं. शुक्रवारीच मी सदरा भिजत घातला.

तुमची परवानगी मागितली होती, तुम्ही नाही म्हणालात, आणि तरी धुतला. हे मला आधी सांगू द्या. मागं मी झाकून ठेवत गेले आणि त्यातनं कुणाचंच भलं झालं नाही. आता काहीच झाकणार नाही.

पुडीतली अक्षता मी बांधायला घेतली होती. आबांना म्हटलं, आत्यानं सांगितलंय, तुम्ही घरीच थांबा. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. ते उठले. देवळीतला नवऱ्याचा फोटो काढून बघत बसले. तांदूळ माझ्या हातातच राहिले. मग उठून मी पाणी उकळायला ठेवलं.

पहिल्या पाण्यात खळ सुटली. पाणी पेजेसारखं पांढरं झालं. आबा बाजेवरनं बघत होते. सदरा दोरीवर टाकला तेव्हा म्हणाले, "कुणाचा ह्यो?" मी म्हटलं, "तुमच्या लेकीचा." त्यांनी तोंड फिरवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईला सांगायचे, "तिला सांग, चहा ठेव." मी शेजारीच असायचे.

मी धूतच राहिले. अर्धा चमचा, तीन पाणी, लिंबू, सावली, ओलसर असतानाच झटकणं आणि मांडीवर मळणं. शिंप्याची शिवण मी उसवली आणि बाहेरून घातली. कॉलरही काढून टाकली, मानेला लागत होती. आठवं धुणं झालं तेव्हा मी तो वाळत घालून आत गेले. परत आले तर आबा दोरीपाशी उभे होते. सदऱ्याची बाही हातात घेऊन मिटलेल्या पापणीवरून फिरवत होते. ते मी कधी त्यांना शिकवलं नव्हतं. बघितलं असेल मला करताना.

दहाव्या धुण्याला त्यांनी विचारलं, "किती झाली?"

"दहा."

त्यांनी सदऱ्याची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "अजून एक काढ."

अकरावं धुणं काल काढलं. आज सकाळी आबांनी सदरा घातला, आत उलटी बंडी. धोतर कोरंच आहे, फेटाही कोराच आहे, त्यांना मी हात लावला नाही. ते नेसून पारावर जाऊन आले, जेवले, आणि आत्ता मी हे लिहिते तेव्हाही सदरा त्यांच्या अंगात आहे. मधे दोनदा त्यांनी दात आवळले. दुखत नाही असं मी म्हणणार नाही, आणि तेही म्हणत नाहीत. पण काढला नाही. म्हणाले, "सोमवारच्या गाडीनं निघू. दोन दिवस आधी गेलेलं बरं, वनी एकटी किती करंल." दादांना निरोप धाडला आहे, ते कळप चुलत्यांकडं सोपवून परस्पर तिकडं येतील. २८ तारखेला आम्ही तिघं अणदुरात उतरू.

राहिल्या सिताबाई. तुम्ही त्यांच्या बोटांना घाबरता, म्हणून त्यांना मी काल पत्र लिहिलं. पाठवायच्या आधी आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नागीण लिहू नको, नस दुखती असं लिही," तेवढं बदललं. बाकी सगळं खरं आहे. लिहिलंय की आजोबांचा आहेर आत्यानं कोराच पाठवला होता, तो अकरा वेळा मी धुतला, मी म्हणजे त्यांच्या होणाऱ्या सुनेची मामेबहीण, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. लिहिलंय की ते चांगलं सुती कापड आहे, मांडवात त्यांनी स्वतः सदऱ्याला हात लावून बघावा, मऊ लागेल. फक्त डाव्या बाजूला लावू नये.

ते पत्र कालच्या टपालानं तुळजापूरला गेलं.

अक्षदा